चोवीसातला एक

कागद दाराखालून आला.

आधी त्याचं एक टोक फटीतून आत आलं, मग फरशीवर घासत अख्खा कागद. मागोमाग पेन. ते घरंगळत माझ्या पलंगाखाली गेलं. मी खुर्चीत बसले होते. खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलेलं होतं. आणि बाहेर, माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच सोफ्यावर माझे दोन दीर बसले होते.

"भाभी, खाली फुली मारलीय ना, तिथे सही कर," थोरले दीर हसनभाई दाराआडून म्हणाले. "वाचत बसू नको. घरातलाच मामला आहे."

वाचत बसू नको. मला. मी विमा कंपनीच्या मृत्यूदाव्यांच्या खात्यात केस पांढरे केले. टेबलापलीकडे बसलेल्या विधवांना रोज सांगत आले, बाई, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि माझ्यापुढे कागद कसा आला? मांजरीपुढे माशाचं डोकं टाकावं तसा. जमिनीवरून.

मुलांनो, तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवील. मी हे इंग्रजीतही लिहू शकले असते. पण माझं इंग्रजी ऑफिसातलं आहे. त्यात लिहिलं की सगळं सभ्य होतं. मला हे सभ्य करायचं नाही.

तुमचे नाना जाऊन तेव्हा दोनेक महिने झाले होते. तुमची आई आणि नाझखाला दफनाला आल्या, चाळीसाव्यापर्यंत थांबल्या आणि आपापल्या देशी परतल्या. दिरांनी त्यांची विमानं उडेपर्यंत वाट पाहिली. आमचं घर अंधेरीला, मरोळमध्ये. विमानं आमच्या गच्चीवरूनच जातात. त्यामुळे फार वाट बघावी लागली नसावी.

मी इद्दतीत होते. इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं-मुरडायचं नाही, दुसऱ्या लग्नाची बोलणी करायची नाहीत. एवढंच. पण आमच्या कोकणी घरांमध्ये त्यावर किती पुटं चढली आहेत! आरशात बघू नये. खिडकीत उभं राहू नये. पुरुषांच्या कानावर आवाज जाऊ देऊ नये. कुठे लिहिलंय विचारलं तर उत्तर ठरलेलं. "असंच करतात." मी ते सगळं पाळत होते. भक्तीने नाही. थकले होते म्हणून. माणूस गेल्यावर अंगात भांडायला बळ नसतं, आणि नियम तेवढ्यात येऊन बसतात.

सोबतीला माझी नणंद होती, जुबेदाआपा. तुमच्या नानांची एकुलती बहीण. तीही विधवा. कांदिवलीला मुलाकडे राहते. राहते म्हणजे हॉलमध्ये, सगळे झोपले की गादी घालते, सगळे उठायच्या आत ती गुंडाळते. मुलाची सासू राहायला आली की आपाची रवानगी भावांकडे होते, पंधरा दिवस ह्याच्याकडे, पंधरा दिवस त्याच्याकडे. माझ्या इद्दतीत ती आनंदाने आली. तिला इथे पलंग मिळाला होता.

आता दिरांना माझ्या घरात काय काम, ते सांगते. तुम्हाला ठाऊक असायला हवं.

मला दोन मुली. मुलगा नाही. आमच्या कायद्यात मेलेल्या माणसाला मुलगा असेल तर त्याच्या भावांना काही मिळत नाही. नुसत्या मुली असतील तर मुलींचं आणि बायकोचं देऊन जे उरतं ते भावंडांकडे जातं. म्हणजे माझ्या पोटी एक मुलगा असता, कसाही, दारुडा, उडाणटप्पू, तर ह्या दोघांनी चहा पिऊन सलाम करून वाट धरली असती. माझ्या मुली शिकल्या, त्यांनी बापाचं आजारपण काढलं, आळीपाळीने सुट्ट्या काढून हॉस्पिटलच्या बाकावर झोपल्या. पण त्या मुली. म्हणून दरवाजा किलकिला राहिला. त्यातून दीर आले.

मुलगा नाही हे मी जन्मभर ऐकलं. नाझ झाली तेव्हा हसनभाईंच्या बायकोने हॉस्पिटलात मिठाईऐवजी उसासा आणला होता. तुमच्या नानांचा जनाजा घरातून निघताना तिने माझा दंड धरला. कानात म्हणाली, "मेहर माफ केली म्हण. सगळ्यांसमोर म्हण. त्यांच्या मानेवर ओझं नको." मेहर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचं ते देणं, निकाहात कबूल केलेलं. तुमच्या नानांनी मला ते लग्नाच्या आठवड्यातच दिलं होतं. हे तिलाही माहीत होतं. तरी माझ्याकडून वदवून घेतलं. मी म्हणाले. समोर प्रेत होतं. प्रेतासमोर हिशेब सांगत नाहीत.

तर तो दिवस. दुपार होती. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची होती, सोसायटीत ठराव झाला होता, बिल्डरची माणसं घरोघरी सह्या घेत फिरत होती. घर तुमच्या नानांच्या नावावर. हप्ते आम्ही दोघांच्या पगारातून भरले, पण अर्जावर नाव एक घातलं, कारण त्या काळी तसंच घालत. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. हे मी आधीच कळवलं होतं, तर धाकटा दीर इक्बाल फोनवर हसला होता. "भाभी, नॉमिनी म्हणजे मालक नाही हां. नॉमिनी म्हणजे वॉचमन." इक्बाल जागांची दलाली करतो. त्याचं खोटं नव्हतं. माझ्या ऑफिसात हेच वाक्य मी जास्त चांगल्या भाषेत बोलत असे.

दोघं आले तेव्हा जुबेदाआपाने लगबगीने माझ्या खोलीचं दार ओढलं. "तू आतच राहा, भाभी. ते बोलतील, तू ऐक." मग इक्बालच्या चपलांचा आवाज. हॉलच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत तो पावलं टाकत होता. घर मोजत होता. मी आत, तो बाहेर, आणि माझं घर त्याच्या पायाखाली.

"भाभीला एकटीला दोन खोल्या काय करायच्यात?" हसनभाईंचा आवाज. मुद्दाम मोठा. मला ऐकू यावा म्हणून. "नव्या बिल्डिंगीत वन रूम घेऊ तिच्यासाठी. बाकीचं बिल्डरकडून रोखीत. पोरींचं त्यांना पाठवू, आपलं आपण घेऊ. कागदावर भाभीने फक्त सही द्यायची, की सगळा व्यवहार हसनभाई बघतील."

"झकास," इक्बाल म्हणाला.

"मी कुराणाच्या बाहेर एक अक्षर मागत नाही," हसनभाई दाराकडे तोंड करून म्हणाले. "ऐक, भाभी. बायकोचा आठवा हिस्सा. दोन मुलींचे मिळून दोन तृतीयांश. उरेल ते आमचं. चोवीस भाग धर. तुझे तीन. पोरींचे सोळा. राहिले पाच."

विमान आलं. आमच्याकडे विमान आलं की बोलणारा जिथल्या तिथे थांबतो, आणि ते गेलं की तिथूनच पुढे चालू करतो. हसनभाई थांबले. पाच हा आकडा हवेत लटकत राहिला. मग विमान गेलं.

"पाच. म्हणजे आम्हा दोघांना अडीच-अडीच."

"चहा घ्या रे, गार होतोय," जुबेदाआपाचा आवाज आला. "इक्बाल, तुला खारी देऊ?"

मी पलंगाखालचं पेन काढायला वाकले होते. तशीच थांबले.

अपूर्णांकात वाईट काही नसतं. वाटण्या करताना ते येतातच. पण ते अडीच माझ्या दाताखाली खड्यासारखं आलं. पाच. पाचाचे अडीच-अडीच कशाला? आमच्यात भाऊ-बहीण बरोबर वारस असतील तर भावाला दोन आणि बहिणीला एक. पाच म्हणजे दोन, दोन आणि एक. किती स्वच्छ बसतं. जणू त्या तिघांसाठीच कुणी पाच भाग काढून ठेवले होते.

आमच्या खात्यात एक सवय लागते. दावा घेऊन आलेल्या माणसाला "वारस कोण कोण?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "मयताच्या आईला एकूण लेकरं किती?" पहिल्या प्रश्नाला लोक सोयीचं उत्तर देतात. दुसऱ्याला तोंडातून खरं निघून जातं.

माझ्या सासूला लेकरं चार. तुमचे नाना, हसनभाई, इक्बाल. आणि जी आत्ता बाहेर खारी विचारत होती ती.

ती तिथेच होती. हातभर अंतरावर. भाऊ कुराणाचं नाव घेऊन हिशेब मांडत होता, त्या हिशेबात तिचा एक भाग होता, आणि ती त्याच्या कपात साखर ढवळत होती. एकालाही ती दिसली नाही. तिला स्वतःलाही नाही.

मला आधी राग आला तो माझ्यासाठी होता. कागद, पेन, पावलं, वन रूम. तो राग मी गिळला असता. खरं सांगते, गिळला असता. पेन हातात आलं होतं. थकलेली बाई सही करते, मी हजारदा पाहिलंय. पण हे अडीच मला गिळता येईना.

मी दार उघडलं.

कडी घातलेली नव्हतीच. नुसतं ओढलेलं होतं. इतका वेळ मला वाटत होतं ते बंद आहे.

इक्बालने पटकन तोंड भिंतीकडे फिरवलं. हातातला चहा सांडला. "भाभी! इद्दत तुटेल!"

"इक्बाल, तुझ्या हळदीला तुझ्या पाठीला हळद कुणी लावली?" मी म्हणाले. "मी. ह्या घरात तू लुंगीवर फिरलायस, माझ्या हातचं मटण खाल्लंयस समोर बसून. तेव्हा मी दिसत होते. आज सही घ्यायची तर माझ्याकडे बघितलं की गुनाह?"

"भाभी, आत जा," हसनभाई म्हणाले. त्यांनी तोंड फिरवलं नाही. ते माझ्याकडे रोखून बघत होते. "हे पुरुषांचं बोलणं आहे. तमाशा करू नको."

"इद्दत घराबाहेर न जाण्याची आहे. मी घरात आहे. हा हॉल घरातच येतो."

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. पांढरी साडी, कपाळापर्यंत पदर, पायात सपाता. कागद मी त्यांच्या चहाच्या कपांच्या मधोमध ठेवला. सही न केलेला.

"तुमचे पाच भाग मी नाकारत नाही," मी म्हणाले. "मला पटो न पटो, ते तुमचे आहेत. माझ्या मुलींचं सोळातलं एक शेंगदाण्याएवढं कमी करू नका, मीही तुमचं करणार नाही. पण हसनभाई, पाच तुम्हा दोघांचे कसे?"

"दोघं भाऊ आहोत म्हणून."

"आणि ही?"

मी जुबेदाआपाकडे बोट दाखवलं. ती ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच. ती इतकी दचकली की ट्रेमधली बशी वाजली.

"तुमचे दोन," मी म्हणाले. "इक्बालचे दोन. आपाचा एक. चोवीसातला एक. मोजून बघा. बरोबर बसतं की नाही?"

हसनभाई मोजत नव्हते. त्यांना मोजायची गरज नव्हती. त्यांना माहीत होतं. ज्या माणसाला आठवा आणि दोन तृतीयांश पाठ आहे, त्याला बहिणीचा भाग माहीत नसतो असं नाही. तो विसरला नव्हता. तो त्याला धरतच नव्हता.

"ती घेणार नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? अब्बांच्या घरातलंही तिने माफ केलं होतं."

मी तिथे होते तेव्हा, मुलांनो. माझे सासरे गेले त्या वर्षी. जुबेदाआपाला कुणी विचारलं नव्हतं. तिला स्वयंपाकघरातून हाक मारली, हात पुसत ती आली, अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं. ती सातवी शिकलेली, तिला सही येते. तरी अंगठा. त्या तीन भावांत तुमचे नानाही होते. मी त्यांच्यावर प्रेम केलं, त्यांच्यासाठी रडले. तरी ते त्यात होते, हे मी इथे लिहून ठेवते.

"आपा, ये. बस," मी म्हणाले.

ती आली नाही. ट्रे छातीशी धरून तिथेच उभी. मग भराभर म्हणाली, पाठ असलेलं म्हणावं तसं, "मी माफ केला. माझ्या भावांना मी माफ केला."

"बघा!" इक्बाल भिंतीकडून वळला. "झालं. मिटलं. बिनधास्त सही कर, भाभी."

"न मिळालेलं माफ कसं करतात?" मी म्हणाले. "आधी तिच्या हातात द्या. तिच्या नावावर करा. महिनाभर तिच्याकडे राहू दे. मग तिला वाटलं तर ती तुम्हाला देईल, वाटलं तर मशिदीला देईल, वाटलं तर स्वतःसाठी एक दार असलेली खोली घेईल."

"शिकलेल्या बायका घरात आणल्या की हे असं होतं," हसनभाई म्हणाले. शांतपणे म्हणाले. "मी तेव्हाच अब्बांना सांगितलं होतं. ऑफिसात जाणारी नको. हे घर आहे, भाभी. तुझं ऑफिस नाही."

"ऑफिस असतं तर बरं झालं असतं. तिथे कागद टेबलावरून देतात."

इक्बाल मध्ये पडला. तो नेहमी मध्ये पडतो, तोच त्याचा धंदा. "भाभी, ऐक ना. बिल्डर थांबणार नाही. एक सही अडली की सगळ्या बिल्डिंगची वाट लागेल. शेजारचे तुझ्या नावाने बोंबलतील. फुफूला तिचं काहीतरी मी माझ्याकडून देतो ना. फ्रीज पाहिजे फुफूला? फ्रीज देतो."

फुफू म्हणजे आत्या. मुलांच्या तोंडची हाक. सख्ख्या बहिणीला तो माणूस आपल्या पोरांच्या तोंडाने हाक मारत होता, आणि फ्रीज देत होता. ती कुठे ठेवील तो फ्रीज? जिथे सकाळी गादी गुंडाळते तिथे?

आणि तेव्हा जुबेदाआपा बोलली. त्यांच्याशी नाही. माझ्याशी.

"भाभी, तू गप बस ना गं आत! तुला काय जातंय? तुझी पेन्शन आहे, तुझ्या पोरी आहेत. उद्या माझ्या सुनेने मला बाहेर काढलं तर मी कुठे जाऊ? ह्यांच्याकडेच ना? तो एक भाग मला जेवायला वाढणार आहे? आजारी पडले तर उचलून नेणार आहे? माझं माहेर तोडतेस तू. तू!"

"आपा, माहेर असं विकत..."

"आणि तू घेतलास?" ती ओरडली. इतकी वर्षं मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "तुझ्या मुश्ताककडून तू घेतलास तुझा हिस्सा? दापोलीचं घर कुणाचं आहे? सांग ना ह्यांना. मोठी आली मला शिकवायला!"

हसनभाई हसले. मोठ्याने नाही. नाकातून.

मुश्ताक माझा धाकटा भाऊ. आमचे बाबा गेले, मागोमाग आई गेली, आणि दापोलीकडचं घर, पुढचं अंगण, मागची आंब्याची कलमं, सगळं मुश्ताककडे राहिलं. त्याने घेतलं असं नाही. मी सोडलं असंही नाही. ते नुसतं त्याच्याकडे राहिलं. दर उन्हाळ्यात तो मला आंब्याची पेटी पाठवायचा. मी ती उघडताना शेजाऱ्यांना सांगायचे, माहेरचा आंबा. टेबलापलीकडच्या बायकांना मी त्यांचे हक्क समजावत होते, आणि माझ्या हक्काच्या बदल्यात पेटी घेत होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बशी वाजेपर्यंत जुबेदाआपा जशी स्वतःलाच दिसली नव्हती, तशी मी मला दिसले नव्हते.

ती बोलली ते मला थोबाडीत मारल्यासारखं बसलं. आणि मला ते हवं होतं. हसनभाईंनी केलेला अपमान मला फक्त चिडवत होता. तिने केलेल्याने मी जागी झाले.

"नाही घेतला," मी म्हणाले. "घेणार आहे."

"बघू," ती म्हणाली.

"बघ. आणि हसनभाई, कागद उचला. आपाचं नाव वारसांत लागल्याशिवाय माझी सही नाही. व्यवहार तुम्ही बघायचा नाही. सगळे वारस बघतील. मी, माझ्या दोन मुली, तुम्ही तिघं भावंडं, सगळे सहा. टेबलावर बसून."

"जमातीत बोलावं लागेल मग," हसनभाई उठता उठता म्हणाले. "इद्दतीतली बाई बाहेर येऊन दिरांशी भांडते. लोकांना कळू दे."

"नक्की बोला. पण पूर्ण बोला. पाचाचे अडीच कसे केलेत तेही सांगा."

दार आपटून गेले. चहा तसाच राहिला. जुबेदाआपाने कप उचलले, धुतले, पालथे घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. मी म्हणाले, आपा, राहा, निदान माझी इद्दत संपेपर्यंत. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मला भावांशी वाकडं नाही घ्यायचं," एवढंच म्हणाली. पलंगावरची चादर तिने नीट घडी घालून ठेवली होती. कोपऱ्याला कोपरा.

उरलेली इद्दत मी एकटीने काढली. घराबाहेर गेले नाही, नटले नाही. जे खरंच सांगितलंय ते सगळं पाळलं, कुणी पाळायला लावलं म्हणून नाही. पण खोलीचं दार उघडं ठेवलं. खिडकीत बसले. आरशात बघून केस विंचरले. बिल्डरचा माणूस आला तेव्हा त्याला हॉलमध्ये बसवून सांगितलं, सही अडलेली आहे, माझ्यामुळे, आणि का ते हसनभाईंना विचारा.

जमातीत व्हायचं ते झालं. ज्या बायका रोज काहीतरी डब्यात घेऊन यायच्या, त्यांचे डबे थांबले. एकीने निरोप पाठवला की शिकलेल्या बाईने तरी शरियतला विरोध करू नये. मी शरियतच मागत होते. अख्खी. चोवीसच्या चोवीस भाग. पण अख्खी मागणारी बाई बंडखोर, आणि सोयीची तेवढी उचलणारा पुरुष दीनदार. हे मला आता कळलंय, आणि कळल्यावर ते विसरता येत नाही. तुमच्या आईचा फोन आला. "मम्मी, कशाला वाद? देऊन टाक ना. आम्हाला काही नको." मी तिला म्हणाले, तुला नको असेल तर तुझा घे आणि समुद्रात टाक. पण आधी घे.

बाई काही मागत नाही म्हणून ती चांगली, हे मी ऐकून ऐकून म्हातारी झाले. माहेर टिकवायचं तर हिस्सा सोड. घर टिकवायचं तर आवाज सोड. नवऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरवायचं तर मेहर सोड, मिळालेली असली तरी सोड. आम्ही सोडत जायचं आणि त्याला त्यांनी आमचा मोठेपणा म्हणायचं. मला असला मोठेपणा नको. मला तो कधीच कामाला आला नाही.

इद्दत संपली त्या दिवशी मी पहिला फोन मुश्ताकला केला. तो खूश झाला. "आपा! किती दिवसांनी! कधी येतेस? कलमं यंदा मोहराने वाकलीत."

"येते," मी म्हणाले. "पण आधी एक सांगायचंय. बाबांच्या घरात आणि बागेत तीन भाग होतात. दोन तुझे, एक माझा. तो मला नावावर करून पाहिजे."

मग तो हसला. त्याला खरंच थट्टा वाटली.

"आपा, काय हे? तुझी पेन्शन, मरोळचं घर, पोरी परदेशात. तुला काय कमी आहे?"

"कमी आहे म्हणून मागत नाही, मुश्ताक. माझं आहे म्हणून मागतेय."

"लोक काय म्हणतील? बहिणीने भावाला कोर्टात खेचलं?"

"मी कोर्टाचं नाव काढलं नाही. तू काढलंस."

त्याने फोन ठेवला. पुन्हा केला तर त्याच्या बायकोने उचलला. म्हणाली, "ते नमाजला गेलेत." नमाजाची वेळ नव्हती.

माझं माहेर गेलं, मुलांनो. एका फोनमध्ये. जुबेदाआपाला ज्याची भीती होती ते माझ्या बाबतीत खरं झालं, आणि मी अजून दोन पायांवर उभी आहे. एवढं तिला सांगावं म्हणून मी कांदिवलीला फोन करते. ती उचलत नाही. तिने माझ्याशी बोलावं अशी माझी अटही नाही. तिने मला शिव्या घातल्या, भावांच्या बाजूने जमातीत साक्ष दिली, तरी तिचा एक भाग तिचाच राहतो. तो तिच्या चांगुलपणाचं बक्षीस नाही, की वाईटपणाने जाईल.

शेजारी आता माझ्याशी जपून बोलतात. सगळ्यांनाच नवी घरं हवी आहेत. सेक्रेटरी परवा दारात उभं राहून म्हणाले, "ताई, अहो फॅमिली मॅटरमुळे सगळ्यांचं अडतंय." मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि सहा नावं सांगितली. पाच नावांवर मी सही करणार नाही. बिल्डर गेला तर जाऊ दे. मला नव्या बिल्डिंगीत खोली मिळाली नाही तर ह्या जुन्या बिल्डिंगीत मरेन. माझ्यामागे तुमची आई आणि नाझखाला कागदावर सह्या करायला बसतील, आणि त्यांनाही मी हेच सांगून ठेवलंय, सहा.

दापोलीचं तिकीट काढलंय. मुश्ताकला कळवलंय, त्याने उत्तर दिलेलं नाही. घराला कुलूप असेल, किंवा दार उघडणार नाहीत. मी कुणाच्या दारावर थापा मारायला चाललेली नाही. बरोबर तलाठ्याकडे द्यायचा अर्ज आहे आणि एक वकील आहे, बाई आहे, तरुण आहे, फटकळ आहे. तलाठ्याच्या खुर्चीसमोर माझ्या बापाचं नाव, माझ्या भावाचं नाव आणि माझं नाव मी मोठ्याने सांगेन. मग आमच्या घरी जाऊन ओट्यावर बसेन. गाव बघेल. बघू दे. त्या ओट्याचा तिसरा भाग माझा आहे, आणि मी त्यावरून उठणार नाही.